नांदूर मधमेश्वरचें पक्षितीर्थ

पावसाळ्यांत गोदावरीस पूर आला, कीं मराठवाड्यांतील घराघरांतून नाशिक जिल्ह्यांतील एका गांवाचें नांव ऐकूं येतें. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून किती क्युसेक पाणी सुटलें, याची विचारपूस होते. कारण तें पाणी पुढें पैठणच्या नाथसागरांत येतें. धाराशिव जिल्ह्यांतील लोहाऱ्यापासून तें स्थळ दूर खरें. तथापि त्या तालुक्याच्या कडेनें वाहणारी तेरणाही मांजरेस मिळून अखेर गोदावरीसच जाते, आणि पाण्याची चिंता तर सर्वांची एकच. पण ज्या गांवाचें नांव असें आंकड्यांच्या संगतीनें कानीं पडतें, तेथें कोणीं न योजितां एक पक्षितीर्थ निर्माण झालें आहे, ही हकीकत थोड्यांसच ठाऊक असते.

इ. स. १८९६-९७ व १८९९-१९०० या सालांच्या दुष्काळांनीं दख्खनचा मुलूख होरपळून गेला. १९०१ मध्यें सरकारनें पाटबंधाऱ्यांच्या चौकशीसाठीं सर कॉलिन स्कॉट-मॉनक्रीफ यांच्या अध्यक्षतेखालीं एक मंडळ नेमलें. त्याचा अहवाल १९०३ मध्यें प्रसिद्ध झाला. अवर्षणाच्या प्रदेशास कालव्यांचा आधार द्यावा, हा विचार त्या काळीं दृढ झाला. दारणा नदीवरील धरण आणि निफाड तालुक्यांत गोदावरी-कादवा संगमाशीं घातलेला नांदूर मधमेश्वरचा बंधारा हीं त्याच काळचीं कामें होत. दारणेचें पाणी सांठवावें, तें गोदावरींतून खालीं सोडावें, बंधाऱ्यानें अडवावें आणि डाव्या-उजव्या कालव्यांनीं कोपरगांव-राहात्याकडील रानांस पोंचवावें, अशी ही योजना. ती सफल झाली. जेथें बाजरीची भ्रांत होती, तेथें ऊस डोलूं लागला.

बंधारा ठेंगणा आणि नद्या मात्र पावसाळ्यांत गढूळ. सह्याद्रीच्या पायथ्याची माती घेऊन आलेलें पाणी बंधाऱ्याशीं मंदावे व हातचा गाळ तेथेंच टाकी. वर्षामागून वर्षें गेलीं. पात्र उथळ झालें, मध्यें बेटें उभीं राहिलीं, कांठीं मळई पसरली, पाणकणीस व लव्हाळे माजले. इंजिनियराच्या हिशेबीं ही तूट होती. कारण जितका गाळ अधिक, तितकी सांठवण कमी. पण पक्ष्यांचा हिशेब निराळा. खोल पाण्यांत बगळ्यास उभें राहतां येत नाहीं, कीं चिखल्यास किडे टिपतां येत नाहींत. त्यांस वीतभर पाणी, मऊ चिखल आणि दडावयास गवत हवें. तें सर्व येथें आयतेंच मिळालें.

हिंवाळा लागला म्हणजे मध्य आशिया व सायबेरियाकडील थंडी टाळण्यासाठीं निघालेले थवे येथें उतरतात. तलवार बदक, थापट्या, चक्रवाक हे त्यांतले पाहुणे. कांड्या करकोचे रात्रीं पाण्याच्या आश्रयास राहतात व दिवसां भोंवतालच्या शेतांत चरतात. चित्रबलाक, शराटी, चमचा, जांभळी पाणकोंबडी असे या देशचे रहिवासीही येथें आहेत. काळा देह व पांढरें कपाळ असलेल्या, घोळक्यानें हिंडणाऱ्या एका पाणपक्ष्यास तर मराठींत वारकरी हेंच नांव आहे. येथें आजवर अडीचशेंहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. १९८६ मध्यें या प्रदेशास अभयारण्याचा दर्जा मिळाला. इराणांतील रामसर या गांवीं १९७१ सालीं पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं राष्ट्रांचा करार झाला होता. त्याच्या यादींत महाराष्ट्रांतून पहिलें नांव जानेवारी २०२० मध्यें जाहीर झालें, तें नांदूर मधमेश्वरचें.

या जागेस लोक महाराष्ट्राचें भरतपूर म्हणतात. ही उपमा गौरवाची आहे, तशीच सावध करणारीही आहे. राजस्थानांतील भरतपूरचें पाणथळही मनुष्याच्या बांधानेंच झालें. अठराव्या शतकांत सूरजमल राजाच्या वेळीं अजान बांध पडला, त्यांतून त्यास पाणी मिळूं लागलें. पण वरच्या अंगास गंभीरी नदीवर पांचना धरण झालें, आणि या शतकाच्या आरंभीं तेथील पाण्यावरून तंटा माजून भरतपूरचीं तळीं कोरडीं पडलीं. पक्षी पांगले; पुढें दूरवरून नळानें पाणी आणावें लागलें.

नांदूर मधमेश्वरचें पाणीही असेंच वरून येतें. त्यावर नाशिकच्या नगराचा, निफाडच्या द्राक्षबागांचा, नगरच्या उसाचा आणि नाथसागरावर विसंबलेल्या मराठवाड्याचा हक्क आहे. २००५ च्या कायद्यानें खोऱ्यांतील पाण्याच्या समान वांटपाचें तत्त्व मान्य केलें. तरी दर तुटीच्या वर्षीं वाद उभा राहतोच. या वादांत माणसांस वकील मिळतात, पक्ष्यांस मिळत नाहींत. गाळ अजिबात काढूं नये, असेंही म्हणतां येणार नाहीं. कारण सारें पात्र भरून गेलें, तर उथळ पाणीसुद्धां उरणार नाहीं. किती काढावा, कोठें काढावा, आणि हिंवाळ्यांत किती पाणी राखावें, हें ठरविणें माणसाच्याच हातीं आहे. ज्या बंधाऱ्यानें दुष्काळांत पोळलेल्या कुणब्यास धीर दिला, त्याच्याच छायेस हे दूरदेशचे पाहुणे आले. पाणी वांटतांना त्यांचाही एक वांटा लक्षांत ठेवावा, एवढेंच मागणें या शतकभराच्या इतिहासाचें आहे.