उसन्या नावाची फेसाळ वाइन: ब्राझीलमधल्या गारिबाल्दीची गोष्ट

आजच्या भागात आपण ब्राझीलला जाणार आहोत. ब्राझील म्हटलं की आपल्याला फुटबॉल आठवतो, कॉफी आठवते, अ‍ॅमेझॉनचं जंगल आठवतं. वाइन काही आठवत नाही. पण याच देशाच्या अगदी दक्षिणेला, रिओ ग्रांदे दो सुल या राज्यातल्या डोंगरांत, शंभर वर्षांहून जास्त काळ फेसाळ वाइन बनते आहे. तुम्ही वाइन पीत असाल किंवा नसाल, ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कारण ती मुळात माणसांची आहे, पावसाची आहे आणि एका नावाची आहे.

या वाइनचं मुख्य गाव गारिबाल्दी. हो, मॅझिनीबरोबर आपल्याला इतिहासाच्या पुस्तकात भेटलेला तोच हा गॅरिबाल्डी. इटलीच्या एकीकरणात गाजण्याआधी तो याच प्रांतातल्या १८३५ ते १८४५ च्या बंडात लढला होता. त्या बंडाचा पुढारी बेंतो गोन्साल्व्हिस. त्याच्या नावाचं गाव गारिबाल्दीच्या शेजारीच आहे.

१८७५ पासून उत्तर इटलीतली गरीब शेतकरी कुटुंबं इथे येऊ लागली. पण त्यांच्या आधी, १८२४ पासून, जर्मन लोक आले होते आणि खोऱ्यांतली चांगली जमीन त्यांच्याकडे गेली होती. इटालियनांच्या वाट्याला डोंगर आणि जंगल आलं. त्यांनी झाडं तोडली, घरं बांधली आणि सवयीप्रमाणे द्राक्षाचे वेल लावले. पण युरोपातले नाजूक वेल इथल्या दमट हवेत टिकेनात. तगलं ते ‘इझाबेल’ नावाचं अमेरिकन वंशाचं काटक द्राक्ष. त्याची वाइन साधी, घरच्या जेवणापुरती.

खरी अडचण होती पावसाची. तिथे द्राक्षं काढायची ती जानेवारी ते मार्चमध्ये, आणि पाऊस काही त्या वेळी थांबत नाही. पिकायला आलेल्या द्राक्षावर पाऊस पडला की काय होतं, हे आपल्या नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना वेगळं सांगायला नको. घड कुजतात. म्हणून तिथला शेतकरी द्राक्षं पूर्ण पिकायच्या आधीच काढायचा. अशा द्राक्षात साखर कमी आणि आंबटपणा जास्त. जोरकस लाल वाइनसाठी हा दोषच.

पण फेसाळ वाइनला नेमकं हेच लागतं! ती दोनदा आंबवतात. आधी साधी वाइन करायची, मग बाटलीत थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच घट्ट बसवायचं. आत तयार होणारा वायू बाहेर जाऊ शकत नाही, तो वाइनमध्येच विरघळतो. तोच पुढे फेस होऊन वर येतो. दुसऱ्यांदा आंबताना मद्यार्क आणखी वाढतो, म्हणून मूळ वाइन हलकी आणि आंबट असलेली बरी. १९१३ मध्ये गारिबाल्दीत मानोएल पेतेरलोंगो यांनी अशी वाइन केली. ब्राझीलच्या फेसाळ वाइनचा इतिहास तिथून सुरू झाला, असं मानतात.

नाव मात्र उसनं होतं: शॅम्पेन. १९७३ मध्ये फ्रान्सची शांदोन कंपनी गारिबाल्दीतच येऊन वाइन करू लागली. ही कंपनी पुढे २०१३ मध्ये भारतात आली आणि तिने नाशिकजवळचं दिंडोरी निवडलं. इकडे शॅम्पेन प्रांतातल्या फ्रेंच उत्पादकांनी ब्राझीलमध्ये नावावरून खटला भरला होता. १९७४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राझीलच्या उत्पादकांच्या बाजूने निकाल दिला: हा शब्द आता सर्वसाधारण झाला आहे, वापरायला हरकत नाही.

आता ही वाइन कशाबरोबर घेतात ते पाहू. आंबटपणा आणि फेस तोंडातला तेलकटपणा धुऊन काढतात, हे साधं सूत्र. म्हणून कोंबडीचं सारण भरून तळलेली कोशिन्या, चीजचे गरम गोळे म्हणजे ‘पाँव दे केजू’, भाजलेलं मांस, यांच्याबरोबर कोरडी फेसाळ वाइन जमते. गोड मोस्कातेल फळांबरोबर आणि केकबरोबर. पण त्या डोंगरांचं खास जेवण म्हणजे गालेतो: महिनाभराच्या कोंबडीचं निखाऱ्यावर भाजलेलं मांस, सोबत मक्याच्या पिठाची पोलेंता. आलेले इटालियन आधी रानातले लहान पक्षी भाजून खात. पुढे त्या शिकारीवर बंदी आली आणि पक्ष्यांची जागा कोवळ्या कोंबडीने घेतली. वेलाचं झालं तेच जेवणाचंही झालं. जे मिळालं त्यात भागवलं, आणि तीच ओळख झाली.

आणि ओळख म्हटली की नाव आलंच. २०२२ मध्ये गारिबाल्दीजवळच्या ‘आल्तोस दे पिंतो बांदेइरा’ या भागाला फक्त फेसाळ वाइनसाठी भौगोलिक नामांकन मिळालं. द्राक्षं तिथलीच हवीत आणि दुसरं आंबवणं बाटलीतच व्हायला हवं, असे त्याचे नियम आहेत. उसनं नाव वापरायचा हक्क न्यायालयाने दिला होता. फक्त फेसाळ वाइनसाठी असं स्वतःचं नामांकन मिळायला मात्र पेतेरलोंगोंच्या पहिल्या बाटलीपासून १०९ वर्षं लागली.