तीन येरवडा

हातातला मोबाइल आधी खाली ठेवा. जिथं निघालोय तिथं तो चालणार नाही, आणि चालला असता तरी तुमच्या धाकट्या भावानं एव्हाना तो विकला असता.

हो, तुम्हाला एक धाकटा भाऊ आहे. 1988 च्या आसपासचं पुणं, श्रावण सरत आलाय, चौकाचौकात मांडवांचे बांबू उभे राहताहेत, आणि पीएमटीच्या बसमध्ये तुम्ही, आई आणि तो असे तिघं चेंगरून उभे आहात. ओल्या छत्र्या. न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास. कुणाच्या तरी पिशवीतून डोकावणारी कोथिंबीर तुमच्या कोपराला गुदगुल्या करतेय. कंडक्टर चिमटा टकटकवत तुमच्यापर्यंत पोचतो. "बोला, कुठं?"

बोला आता. येरवडा म्हटलं की पुणेकराला दोनच जागा आठवतात. एक तुरुंग, दुसरं वेड्यांचं इस्पितळ. तुम्ही "तीन येरवडा" असं पुटपुटता, कंडक्टर ते साऱ्या बसला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणतो, आणि शेजारचे टोपीवाले काका तिघांकडं आळीपाळीनं बघत यातला वेडा कोण हे ठरवायला लागतात. आई पदर सावरून खिडकीबाहेर बघते.

भावाचं नाक वाहतंय. जांभईवर जांभई. गर्दीत तुम्हाला घामाच्या धारा लागल्यात आणि त्याच्या दंडावर मात्र काटा उभा आहे. पोटात पिळा पडला की तो दांडीला लोंबकळत वाकतो. रात्रीपासून पुडी मिळालेली नाही. याला टर्की म्हणतात, हे तुम्हाला त्याच्याच तोंडून कळलंय. पुडीतल्या मातकट भुकटीचं नाव गर्द. सिगारेटच्या पाकिटातली चांदी पसरायची, तिच्यावर चिमूटभर गर्द, खालून काडी, आणि वर येणारा धूर नळीनं ओढायचा. घरात एवढ्या काड्यापेट्या का संपतात, याचं कोडं आईला कित्येक महिने सुटलं नव्हतं. मग तांब्याचं घंगाळ गेलं. मग तुमची सायकल 'चोरीला' गेली. आई आता पैशांचा बटवा तांदळाच्या डब्यात पुरून ठेवते आणि शेजारणींना सांगते, त्याला कावीळ झालीय.

बंडगार्डनचा पूल लागतो. नदीवरचा गार वारा आत घुसतो, सगळी बस सुखावते, फक्त तो दातांवर दात आपटतो. पुढं उतरायचं.

मेंटल हॉस्पिटलच्या आवारात शिरलात की पहिल्यांदा झाडं दिसतात. जुनी, घेरदार, पानांवरून अजून थेंब ठिबकताहेत. चपलांना चिखल चिकटतो. फिनेलचा वास येतो, त्याच्या मागोमाग कुठूनतरी फोडणीचा. तुमची मनातल्या मनात तयारी झालेली आहे: गज, दंडुका, करडा आवाज, आणि 'तुम्ही याला लाडावून ठेवला' हे वाक्य. आईनं तर त्याचं उत्तरही पाठ केलंय.

ते वाक्य कुणी म्हणतच नाही.

याच आवारात 29 ऑगस्ट 1986 ला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यातल्या पोरांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये देऊ केले. पण पैशानं खाटा येतात. त्या खाटांवर तळमळणाऱ्याला माणूस म्हणून वागवायचं, ही रीत घातली त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचटांनी. त्या याच इस्पितळातल्या मनोविकारतज्ज्ञ. इथं त्यांना सगळे मॅडम म्हणतात. अवचटांना बाबा: दाढी, खादीचा झब्बा, बासरी, आणि बोटांत घड्या घालायला कागद. प्रसिद्धी बाबांना जास्त मिळाली. माझ्या मते मुक्तांगणचा कणा मॅडमच होत्या.

भाऊ आत जातो. त्याच्या खांद्यावर हात टाकून नेणारा पोरगा चक्क हसतोय; तोही कधीकाळी चांदीवर काडी धरणाराच. भाऊ त्याच्याकडं संशयानं बघतो, मग जरा कमी संशयानं. डॉक्टरांना फसवणं त्याला जमलं असतं, याला कसं फसवणार?

आता तुमची पाळी. तुम्हाला वाटलं, सोडलं की सुटलो, परतीची बस धरायची. तर तसं नाही. आईला बसवून घेतात. खोलीत आणखी बायका आहेत. कुणाची हिरवी काचेची बांगडी सारखी किणकिणते, कुणाच्या मांडीवरचं पोर रडतं आणि त्याला बिस्किट मिळतं. एक म्हणते, नवरा कामावर गेला नाही की साहेबाला मीच फोन करते, ताप आलाय म्हणून. दुसरी म्हणते, गुत्त्याची उधारी मी फेडते, चार माणसांत शोभा नको. तिसरी काही बोलत नाही, नुसती मान हलवते. आणि तुमची आई, जिनं बसभर तोंड उघडलं नाही, ती एकदम बोलून जाते: "कावीळ. मी कावीळ सांगते." सगळ्या हसतात. आईही हसते. तुम्ही तिला असं हसताना बऱ्याच दिवसांनी बघताय.

इथं तिला कळतं की उधारी फेडली, थाप मारली, की व्यसनाचीच सोय होते. हेही कळतं, की पोर बिघडलं ते तिच्यामुळं नाही, तो आजारी आहे. आणि त्याच्या पायी न झोपणारी, न जेवणारी तीही आजारी पडली आहे. पुढं मुक्तांगणात व्यसनींच्या पत्नींचा 'सहचरी' गट उभा राहिला.

बरं, या आता परत. मॅडम 1997 मध्ये कॅन्सरनं गेल्या, बाबा 2022 मध्ये. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर काम पुढं नेते आहे, आणि मुक्तांगण येरवड्यातच आहे, आता स्वतःच्या इमारतीत. तुमच्या ओळखीतही एखादी 'कावीळ' असेल. आधी त्याला तयार करू, मग जाऊ, असं म्हणत घरचे वर्षं घालवतात. दारुड्याच्या घरच्यांसाठी अल्-अनॉनच्या सभा ठिकठिकाणी भरतात. घरातला माणूस अजून पीत असला तरी तिथं जाता येतं, आणि त्याची परवानगी लागत नाही.