मिनिटांचा नकाशा

पुण्यात कोणालाही विचारा, "हिंजवडी किती लांब आहे हो?" उत्तर किलोमीटरमध्ये येणार नाही. "तास धरा!" जनुकांचे पहिले नकाशे अगदी याच पद्धतीचे होते. अंतर मोजायची सोय नव्हती, म्हणून दुसरंच काहीतरी मोजलं.

सुरुवात झाली 1905 मध्ये, इंग्लंडात. बेटसन, साँडर्स आणि पनेट स्वीट पी या फुलझाडाचे संकर करत होते. मेंडेलच्या हिशेबाने फुलाचा रंग आणि परागकणांचा आकार यांचा एकमेकांशी संबंध नसायला हवा. म्हणजे 381 झाडांपैकी लाल फुलं आणि गोल परागकण असलेली साधारण 24 निघायला हवीत. निघाली 55! दोन गुण हातात हात घालून चालले होते, पण मधूनच हात सुटतही होता.

उत्तर दिलं अमेरिकेत मॉर्गनने, 1911 मध्ये. ही जनुकं एकाच गुणसूत्रावर असतात, आणि बीजपेशी बनताना गुणसूत्रांच्या जोड्या आपसांत तुकडे बदलतात. जनुकं जितकी लांब, तितकी ती वेगळी व्हायची शक्यता जास्त. त्याचा विद्यार्थी स्टर्टेव्हंट याने 1913 मध्ये याच शक्यतेला अंतर मानून फळमाशीच्या गुणसूत्राचा नकाशा काढला. ही अदलाबदल सगळीकडे सारखी होत असेलच असं नाही, हेही तेव्हाच त्याने लिहून ठेवलं!

पण अदलाबदल खरंच होते, हे डोळ्यांनी कोणी पाहिलं होतं? ते दाखवलं 1931 मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या दोघींनी, हॅरिएट क्रेटन आणि बार्बरा मॅक्लिंटॉक. त्यांनी मक्याचं असं नववं गुणसूत्र घेतलं, ज्याच्या एका टोकाला गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला आठव्याचा तुकडा चिकटलेला. दाण्याचे गुण बदलले की सूक्ष्मदर्शकाखाली या खुणाही बदललेल्या दिसत. मॅक्लिंटॉक तेव्हा जेमतेम 29 वर्षांची, आपल्याच वयाची की! (नोबेल 1983 मध्ये मिळालं, ते दुसऱ्याच शोधासाठी.)

पुढे डीएनए वाचता आला आणि मिनिटांच्या नकाशाशेजारी किलोमीटरचा नकाशा ठेवता आला. स्टर्टेव्हंटची शंका खरी ठरली. गहू, बार्ली, मका यांच्यात अदलाबदल मुख्यतः गुणसूत्राच्या टोकांकडे होते. मधला, सेन्ट्रोमिअरभोवतीचा प्रचंड पट्टा जवळजवळ थंड. तिथला डीएनए घट्ट गुंडाळलेला असतो. म्हणजे मैलोनमैल रस्ता, पण नकाशावर दोन मिनिटं.

"बरं मग?" असं म्हणाल. तर त्या थंड पट्ट्यात जनुकंही आहेत. समजा, रोगाला दाद न देणारं चांगलं जनुक तिथे एखाद्या वाईट जनुकाशेजारी बसलंय. नवं वाण काढणारा पिढ्यानपिढ्या संकर करत राहतो, जोडी काही फुटत नाही. चांगलं हवं तर वाईटही घ्या!

2012 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात फॅन्सीएम नावाचं जनुक बंद पाडलं. ते अदलाबदलीला ब्रेक लावत होतं. अदलाबदल तिप्पट झाली. 2018 मध्ये आणखी ब्रेक काढून ती जवळपास आठपट केली. पण वाढ झाली ती प्रामुख्याने टोकांकडेच. सेन्ट्रोमिअरजवळ शुकशुकाट तो शुकशुकाटच.

ब्रेक काढले म्हणून गाडी हव्या त्या रस्त्याला लागत नाही. तिकडे वळवायचं स्टिअरिंग हाती आलं, तर गव्हाच्या कित्येक अडकलेल्या जोड्या सुटतील.