लुओन्तो आणि प्रकृती : फिनिश मंत्रगीतांचे तीन अरण्यप्रवास

गेल्या काही दशकांत फिनलंडमध्ये, आणि फिनलंडच्या नावाने इतर पाश्चात्त्य देशांतही, एका विशिष्ट प्रकारची निसर्गशिबिरे भरू लागली आहेत. शहरांतील माणसे सरोवराकाठच्या लाकडी घरात काही दिवस येऊन राहतात. डफाच्या एकसुरी ठेक्यावर डोळे मिटून ‘अंतर्यात्रा’ करतात. सौनात, म्हणजे तापलेल्या दगडांवर पाणी शिंपून वाफ केलेल्या स्नानगृहात, बसतात. कान्तेले या तंतुवाद्याच्या साथीने जुनी गीते म्हणतात. आणि ‘कालेवाला’ या महाकाव्यातील वृद्ध गायक वैनामोइनेन याला आपला आद्य गुरू मानतात. समाधिअवस्थेत परलोकाशी व्यवहार करणाऱ्या शमनाची ही प्राचीन विद्या असून निसर्गाशी तुटलेले माणसाचे नाते ती पुन्हा जोडून देते, अशी या शिबिरांची भूमिका असते. या भूमिकेची थट्टा करणे सोपे आहे, परंतु त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. ज्या गीतपरंपरेच्या नावाने हा अरण्यवास घडतो तिचे स्वरूप मुळात काय होते, आणि गायकाच्या मुखापासून शिबिरापर्यंत येताना तिच्यातून काय गळून पडले, हा प्रश्न मात्र वाङ्मयेतिहासाचा आहे.

प्रथम ‘शमन’ या शब्दाविषयी. हा शब्द सैबेरियातील तुंगूस भाषांतून युरोपात आला. संस्कृत ‘श्रमण’ वा पाली ‘समण’ या शब्दांशी त्याचे नाते जोडण्याचा प्रयत्न झालेला आहे; पण ती व्युत्पत्ती सर्वमान्य नाही. फिनिश खेड्यांत हा शब्द नव्हताच. तेथे होता तो ‘तिएताया’. ‘जाणणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून तो बनला असून ‘जाणता’ हा मराठी शब्द त्याला जवळजवळ तंतोतंत लागू पडतो. जाणता म्हणजे ज्याला शब्द ठाऊक आहेत तो. भाजणे, लोखंडाची जखम, सर्पदंश, थंडीने गारठलेले अवयव, अडलेले बाळंतपण अशा प्रसंगी त्याला बोलावणे जाई, आणि त्याच्या उपचारांचे नेहमीचे स्थान म्हणजे सौना. त्याच सौनात स्त्रिया बाळंत होत आणि मृतांनाही तेथेच स्नान घालीत.

या जाणत्याचे शस्त्र म्हणजे उत्पत्तीचे ज्ञान. फिनिश भाषेत त्याला ‘स्यून्त्यू’, म्हणजे जन्म किंवा उगम, असे म्हणतात. ज्या वस्तूने पीडा केली तिचा जन्म कसा झाला, तिचे आईबाप कोण, हे पद्यात सांगता आले म्हणजे ती वस्तू वश होते अशी या विद्येची श्रद्धा होती. ‘कालेवाला’च्या नवव्या सर्गात वैनामोइनेनच्या गुडघ्यातून कुऱ्हाडीच्या घावाने रक्त वाहत असते, ते थांबवू शकणारा वृद्ध भेटतो, पण लोखंडाचा जन्म त्याला ठाऊक नसतो. तो जन्मवृत्तान्त स्वतः जखमी वैनामोइनेन सांगतो तेव्हा कोठे उपचार सुरू होतो. सतराव्या सर्गात तर नाव पुरी करण्यासाठी तीन शब्द कमी पडतात म्हणून तो आन्तेरो व्हिपुनेन या भूमिगत राक्षसाच्या पोटात शिरतो आणि त्याच्याकडून सारे मंत्र वदवून घेतो. नाव अडते ती लाकडावाचून नव्हे, शब्दांवाचून. ही परंपरा मौनाची नाही. ती अत्यंत बोलकी, किंबहुना शब्दाच्या बाबतीत कमालीची काटेकोर अशी परंपरा आहे. दात पडले की मंत्राचे बळ जाते, ही जाणत्यांविषयीची जुनी समजूतही हेच सांगते.

येथे एका शब्दाचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. आजच्या फिनिश भाषेत निसर्गाला ‘लुओन्तो’ म्हणतात, आणि निसर्गशिबिरांतला निसर्ग तो हाच. परंतु जुन्या मंत्रांत ‘लुओन्तो’ म्हणजे अरण्य, सरोवर वा आकाश नव्हे. ती जाणत्याची स्वतःची उपजत शक्ती आहे. उपचारापूर्वी तो आपल्या झोपलेल्या ‘लुओन्तो’ला उठण्याचे आवाहन करतो आणि मगच आवेशाने, दातओठ खात, रोगाला सामोरा जातो. ‘बाह्य सृष्टी’ हा या शब्दाचा अर्थ पुढे सुशिक्षितांच्या लेखनभाषेत स्थिरावला. भारतीय वाचकाला हा अर्थपालट अपरिचित वाटण्याचे कारण नाही. ‘प्रकृती’ या आपल्या शब्दात सृष्टी आणि माणसाचा पिंड हे दोन्ही अर्थ आजही एकत्र नांदतात. ‘प्रकृती कशी आहे?’ असे विचारणारा माणूस झाडाझुडपांची चौकशी करीत नसतो. फिनिश शब्दात मात्र बाहेरच्या अर्थाने आतल्या अर्थाला बरेच मागे ढकलले. निसर्गशिबिराला जाणारा माणूस स्वतःबाहेर ज्याचा शोध घेतो ते जुना जाणता स्वतःत जागे करीत असे. हा अर्थपालट ज्या काळात घडला त्याच काळात ही गीते अरण्यातून ग्रंथात, ग्रंथातून चित्रात आणि अखेर शिबिरात गेली.

यांतला पहिला प्रवास एलियास ल्यॉनरोट (१८०२-१८८४) याचा. तो पेशाने वैद्य होता आणि १८३२ मधील त्याच्या वैद्यकीय प्रबंधाचा विषय फिन लोकांची मांत्रिक चिकित्सा हा होता, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. फिनलंड त्या वेळी रशियाच्या झारच्या सत्तेखालील एक संस्थान होते. शिक्षितांची भाषा स्वीडिश होती. आणि नुकत्याच, १८३१ साली, स्थापन झालेल्या फिनिश साहित्य संस्थेला आपल्या भाषेचे वाङ्मयीन सामर्थ्य सिद्ध करावयाचे होते. कायानी या दूरच्या गावी वैद्य म्हणून काम करीत असताना ल्यॉनरोट सीमेपलीकडील रशियन कारेलियात भटकला. एप्रिल १८३४ मध्ये लात्वायार्वी या खेड्यात त्याला आर्हिप्पा पेर्त्तुनेन हा शेतकरी गायक भेटला. सुमारे तीन दिवस आर्हिप्पा गात होता आणि ल्यॉनरोट लिहून घेत होता; चार हजारांहून अधिक ओळी त्या बैठकीत उतरल्या. लहानपणी मासेमारीच्या मुक्कामी आपला बाप आणि त्याचा सोबती शेकोटीजवळ हातात हात घालून रात्ररात्र गात, आणि गायिलेले गीत पुन्हा येत नसे, अशी आठवण आर्हिप्पाने सांगितली. बापाचे भांडार आपल्यापेक्षा कितीतरी मोठे होते, हेही त्याने नमूद केले. संग्राहकाला जे अफाट वाटले ते गायकाच्या लेखी उरलेसुरले होते.

‘कालेवाला’ची पहिली आवृत्ती १८३५ मध्ये ३२ सर्गांची निघाली, १८४९ च्या आवृत्तीत ५० सर्ग आणि २२,७९५ ओळी आहेत, आणि मंत्रांचा भरणा तिच्यात पुष्कळच वाढला आहे. व्हैनो काउकोनेन या अभ्यासकाने ओळीओळीचा माग काढून दाखविले की ल्यॉनरोटने निखालस स्वतः रचलेल्या ओळी सुमारे तीन टक्केच आहेत. परंतु एकसंध कथेची जुळणी सर्वस्वी त्याची आहे. गायकाला गीतांचा क्रम लावण्याचा जो अधिकार असतो तो आपल्यालाही आहे, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते निराधार नव्हते. तथापि एक फरक पडला. मंत्र महाकाव्यात आला तेव्हा त्याच्यासमोरचा रोगी नाहीसा झाला. जखम कथेतील झाली आणि मंत्र वाचनीय झाला. पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर ल्यॉनरोटने स्वतःचे नाव छापले नाही. हा विनय खराच, पण त्यामुळे आर्हिप्पाचे नाव येण्याचाही प्रश्न उरला नाही. ग्रंथ ‘जनते’चा ठरला.

दुसरा प्रवास कलावंतांचा. १८९० मध्ये चित्रकार आक्सेली गाल्लेन-काल्लेला विवाहानंतरच्या प्रवासासाठी कारेलियात गेला. १८९२ मध्ये संगीतकार यान सिबेलियुस त्याच कारणाने तेथे गेला. ‘कालेवाला’ हाती घेऊन तिची भूमी पाहण्याच्या या ओढीला पुढे ‘कारेलियावाद’ असे नाव पडले. गाल्लेन-काल्लेलाने १८९५ च्या सुमारास रुओवेसी येथे, वस्तीपासून दूर, ओंडक्यांचे एक भव्य घर बांधले आणि त्याला ‘कालेला’ हे नाव दिले. लेम्मिन्कैनेनचे शव मांडीशी घेऊन बसलेल्या त्याच्या आईचे सुप्रसिद्ध चित्र १८९७ मधील, या अरण्यवासाच्या काळातले आहे. आजच्या निसर्गशिबिराचे मूळ शोधावयाचे तर ते शमनाच्या झोपडीत नव्हे, या कलावंताच्या घरात सापडेल. एकान्त, लाकूड, सरोवर आणि महाकाव्य यांची सांगड प्रथम तेथे पडली. मात्र रुओवेसी पश्चिमेला फिनलंडच्या पोटात आहे. ज्या खेड्यांत ही गीते गायिली जात होती ती पूर्वेला, बहुतांशी रशियात होती.

याच काळात लारिन पारास्के (१८३३-१९०४) ही इंग्रियन गायिका हयात होती. तिच्या मुखातून सुमारे बत्तीस हजार ओळी नोंदल्या गेल्या. १८९१ मध्ये सिबेलियुसने तिचे गायन ऐकले. १८९३ मध्ये आल्बेर्त एदेलफेल्त व एरो यार्नेफेल्त या चित्रकारांनी तिची चित्रे काढली. पीटर्सबर्गच्या अनाथालयातील मुले मोबदल्यासाठी सांभाळून तिने संसार चालवला होता, आणि तिचा शेवट दारिद्र्यात झाला. राष्ट्राने तिचा चेहरा चित्रात जपला, सूर सिंफनीकारांनी ऐकले. तिच्या उदरनिर्वाहाची सोय मात्र या कौतुकातून झाली नाही. गीताच्या उगमाचा शोध घेणाऱ्यांना त्या उगमाची प्रकृती कशी आहे हे विचारण्याचे पुरेसे भान राहिले नाही, असे म्हणावे लागते.

तिसरा प्रवास विद्वानांच्या आणि साधकांच्या संयुक्त वाटेने झाला. माथियास कास्त्रेन (१८१३-१८५२) याने सैबेरियात भ्रमण करून फिनिश पुराणकथांची तेथील श्रद्धांशी तुलना केली. विसाव्या शतकात मार्त्ती हाविओ याने १९५० च्या आपल्या ग्रंथात वैनामोइनेनच्या कथांमागे शमनाची प्रतिमा पाहिली. आन्ना-लेना सीकाला हिने १९९२ मध्ये अधिक सावध उपपत्ती मांडली. तिच्या मते या मंत्रांत उत्तरेच्या प्राचीन शमनविद्येच्या प्रतिमा खरोखर टिकून आहेत; पण जाणता हा शमन नव्हे. त्याची संस्था लोहयुगात स्कँडिनेव्हियाच्या संपर्कातून घडली, आणि पुढे तिच्यावर ख्रिस्ती धर्माचे थर चढले. म्हणूनच रक्तस्तंभनाच्या आणि वेदनाशमनाच्या मंत्रांत कुमारी मेरी वारंवार येते. ‘ख्रिस्तपूर्व शुद्ध परंपरा’ ही कल्पना स्वतः गायकांना कळलीच नसती. आर्हिप्पाच्या मुलखात ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती धर्म शतकानुशतके रुजलेला होता.

शिबिरांतला डफ तर आणखी दुरून आला. एकोणिसाव्या शतकात नोंदल्या गेलेल्या जाणत्याच्या सामग्रीत तो नाही. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ मायकेल हार्नर याने १९८० च्या पुस्तकात सर्व संस्कृतींतील शमनविद्येचा एक समान गाभा काढून दाखविण्याचा दावा केला आणि डफाच्या ठेक्यावरील अंतर्यात्रा ही कोणालाही शिकता येणारी पद्धती म्हणून मांडली. तिच्यात भाषेची अट नाही; म्हणूनच ती जगभर पसरू शकली. उत्तरेत डफ होता तो सामी लोकांच्या नोआइदींचा, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली आहे. आन्देर्स पोउल्सेन या वृद्ध सामीचा डफ १६९१ मध्ये जप्त झाला. चेटकाच्या आरोपावरून त्याच्यावर खटला चालला आणि निकालापूर्वीच, १६९२ मध्ये, त्याचा खून झाला. तो डफ डेन्मार्कच्या संग्रहात गेला आणि थेट २०२२ मध्ये, नॉर्वेतील कारास्योक येथील सामी संग्रहालयाच्या मालकीचा झाला. ज्या वाद्यापायी एका समाजातील माणसांना शिक्षा झाल्या ते वाद्य दुसऱ्या समाजाच्या गीतांच्या साथीला, दोघांचीही नावे न घेता वाजू लागते, तेव्हा ‘समान गाभा’ या शब्दाने बरेच काही झाकले जाते.

म्हणून निसर्गशिबिरे खोटी ठरतात काय? तसे म्हणता येणार नाही. परंपरा प्रत्येक पिढी नव्याने जुळवते. ल्यॉनरोटनेही तेच केले. प्रश्न जुळणीचा नसून ऋणाचा आहे. या बाबतीत एका फिन अभ्यासकाचे भारतातील कार्य उल्लेखनीय आहे. ‘कालेवाला’सारखे संकलित महाकाव्य आणि एकाच गायकाने गायिलेले महाकाव्य यांतील अंतर ओळखणाऱ्या लौरी होन्कोने १९९० मध्ये कर्नाटकातील तुळुनाडूत गोपाल नायक या शेतकरी गायकाकडून सिरीचे महाकाव्य सलग सहा दिवस ध्वनिमुद्रित केले. चिन्नप्प गौड व विवेक रै हे तुळू संस्कृतीचे अभ्यासक त्याचे सहकारी होते. गोपाल नायक सिरीच्या उपासनेतील, अंगात येणाऱ्या विधींचा पुढारीही होता. १५,६८३ ओळींचे हे काव्य १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले ते गायकाच्या नावासह. आर्हिप्पाला १८३५ मध्ये जे मिळाले नाही ते एका फिन संपादकाने तुळू गायकाला दिले. विष्णु खरे यांनी ‘कालेवाला’ हिंदीत आणून या देवघेवीची दुसरी बाजू सांभाळली.

फिनिश साहित्य संस्थेने १९०८ ते १९४८ या काळात जुन्या गीतांचे ३३ भाग प्रसिद्ध केले आणि १९९७ मध्ये आणखी एक जोडला. सुमारे ८९,००० गीते गायक, गाव व संग्राहक यांच्या नोंदींसह तेथे उपलब्ध आहेत. सरोवराकाठी बसलेल्या साधकाला आदिम मौनाची वाट शोधावयाची असेल तर तिला कोणाची हरकत असू नये. पण जाणत्याची वाट हवी असेल तर ती या शब्दांतून, या नावांतून जाते. त्याच्या नियमानुसार जे बरे करावयाचे त्याचा जन्म आधी सांगता आला पाहिजे. आणि निसर्गाशी नाते तुटल्याची जी व्यथा माणसांना अरण्यात आणते, तिचाही जन्म सांगितल्यावाचून उपचार सुरू होणार नाही.