उकिरड्याचे दैव

बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव फिरते, अशी आपल्याकडे म्हण आहे. ती करणाऱ्याच्या मनात उकिरड्याविषयी फारसा आदर नसावा. इंदूरच्या एका उकिरड्याचे दैव मात्र सातच वर्षांत फिरले आणि त्याचे नाव सातासमुद्रापार गेले. होळकरांचा इतिहास मी बरीच वर्षे शिकवतो आहे. त्यात मल्हारराव येतात, अहिल्याबाई येतात, घाट आणि देवळे येतात. हा खताचा खड्डा कोणत्याही पाठात येत नाही. मी शेतकीशास्त्राचा पंडित नव्हे, मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. पण ही हकिगत शास्त्राइतकीच माणसांचीही आहे, म्हणून सांगण्याचे धाडस करतो.

आल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ 1905 साली बिहारातील पुसा येथील सरकारी शेतकी संस्थेत आला. त्याची पत्नी गॅब्रिएल हीही त्याच विद्येतली. दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारलेल्या जाती काढल्या आणि नाव मिळवले. पण पुसातली एक गोष्ट हॉवर्डला खुपत असे. पिकाचा तज्ज्ञ एका खोलीत, मातीचा दुसऱ्या खोलीत, किडीचा तिसऱ्या. शेतकऱ्याचे शेत मात्र एकच! आसपासच्या शेतकऱ्यांची पिके औषधांवाचून बऱ्यापैकी निरोगी राहतात हे पाहून त्याने त्या शेतकऱ्यांनाच आपले गुरू मानले. राज्यकर्त्यांच्या जातीतल्या माणसाने हे उघडपणे लिहून ठेवले, ही गोष्ट मला त्याच्या गव्हापेक्षाही मोठी वाटते.

1924 साली हॉवर्ड पतिपत्नी इंदूरला आली. होळकर दरबाराने 300 एकर जमीन दिली. पैशाचा भार कापसासाठी नेमलेल्या मध्यवर्ती कमिटीने आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी उचलला. कमिटीला हवा होता चांगला कापूस. हॉवर्डने हात घातला तो शेणात. मातीकडे पाहिल्यावाचून नुसते बियाणे सुधारून भागणार नाही, असे त्याचे म्हणणे.

त्याचा खड्डा 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि खोल अवघा 2 फूट. इतका उथळ का? तर कुजवणाऱ्या सूक्ष्म जीवांना हवा लागते. आपला गावाकडचा उकिरडा उंच वाढतो, आतून घुसमटतो, वरून उन्हाने वाळतो आणि पहिल्याच पावसात त्याचे सत्त्व ओढ्याला जाते. इंदूरच्या खड्ड्यात पाचोळा, तण, धसकटे यांचे थर घालीत. पऱ्हाट्या आणि तुराट्या टणक, त्या लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या आधी शेतातल्या गाडीवाटेवर पसरून ठेवीत. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली त्यांचा आपोआप चुरा होई. यंत्र नको की वेगळी मजुरी नको! ही युक्ती मला फार आवडते. गोठ्यात माती अंथरून जनावरांचे मूत तिच्यात मुरू देत आणि ती मातीही खड्ड्यात घालीत. आपण शेण तेवढे गोळा करतो आणि त्याच्याइतकेच मोलाचे ते वाहू देतो, हे त्यांनी हेरले होते. वर शेणाचा काला, थोडी राख, बेताचे पाणी. मधून तीनदा चाळवले की तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत खत हाती येई. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग रचीत. यात सगळेच नवे होते असे नाही. चिनी शेतकऱ्यांची जुनी रीत किंग नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1911 साली ग्रंथात मांडली होती, आणि हॉवर्डने तिचे ऋण लपवले नाही.

1930 साली गॅब्रिएल वारली. 1931 साली हॉवर्डने हिंदुस्थान सोडला. त्याच वर्षी शेतीतल्या टाकाऊ पदार्थांवरचे त्याचे इंग्रजी पुस्तक निघाले. पण ते त्याच्या एकट्याचे नव्हते. लेखक म्हणून दुसरे नाव होते यशवंत वाड यांचे. संस्थेत रसायनशास्त्राची बाजू ते सांभाळीत. पुढे हॉवर्ड 'सर' झाला, सेंद्रिय शेतीचा जनक म्हणून जगाने त्याला डोक्यावर घेतले. इंदूरचे नावही त्या पद्धतीला चिकटून राहिले. यशवंतराव मात्र पुस्तकाच्या पहिल्या पानावरच राहिले.

ही पद्धत उचलली कोणी? केनियातल्या कॉफीच्या आणि आसाम-सिलोनातल्या चहाच्या मळेवाल्यांनी! त्यांच्याकडे मजूर होते, पाणी होते, भांडवल होते. गांधीजींनी 1935 साली 'हरिजन'मधून तिचा पुरस्कार केला तो खेड्यांसाठी. पण खेड्यातल्या बाईने चूल कशावर पेटवायची? शेणाच्या गोवऱ्या होत, म्हणून दोन वेळा भाकरी होई. तिला अडाणी म्हणणारे पुष्कळ निघाले. तिला जळण देणारे थोडे. पुढे रासायनिक खताची गोणी आली आणि खड्डे बुजले.

या अडचणीवरचा एक उपाय निघाला तो विदर्भात. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी शेण अगदी थोडे वापरायचे ठरवले. विटांचे टाके बांधायचे, हवेसाठी भिंतींत भोके ठेवायची, सुमारे 1,400 ते 1,500 किलो काडीकचरा, 1,750 किलो माती आणि शेण अवघे 100 किलो. वरून शेणामातीने लिंपायचे. खताला तीन-चार महिने लागतात. गोवऱ्यांपुरते शेण घरात राहते. रोजगार हमीतून अशी टाकी गावोगाव बांधली गेली. त्यांना 'नाडेप' म्हणतात. नारायणातला 'ना', देवरावांतला 'दे' आणि आडनावातला 'प'. इंग्रजी अक्षरांतून फिरून आल्यामुळे 'दे'चा 'डे' झाला इतकेच. आमच्या गावात अशा टाक्याशेजारी उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याला मी विचारले, "बाबा, नाडेप म्हणजे काय हो?" तो म्हणाला, "आता काय सांगावं मास्तर, वीटभट्टीवाल्याचं नाव असंल."