सही कुणाची, यादी कुणाची

एमसाइन रूट सीए जी-१ या प्रमाणपत्राची जन्मवेळ त्यावरच कोरलेली आहे: १८ फेब्रुवारी २०१८, ग्रिनिच वेळेनुसार संध्याकाळचे साडेसहा. भारतीय घड्याळात तेव्हा रात्रीचे बारा वाजून १९ तारीख लागत होती. मुदत बरोबर २५ वर्षांची, २०४३ पर्यंत. देणाऱ्याच्या रकान्यात बंगळूरच्या ईमुद्रा कंपनीचे नाव आहे आणि घेणाऱ्याच्या रकान्यातही तेच. म्हणजे हे प्रमाणपत्र सरळसरळ सेल्फ-साइन्ड आहे.

आजची जावा ते बिनतक्रार स्वीकारते. एखाद्या कार्यालयाने आपल्या आतल्या सर्व्हरसाठी असेच स्वतःच्या सहीचे प्रमाणपत्र बनवले, तर मात्र जावा अडून बसते. जास्परसारख्या, जावावर चालणाऱ्या रिपोर्ट सॉफ्टवेअरमधला रिपोर्ट अर्ध्यावर थांबतो आणि लॉगमध्ये ती ठरलेली ओळ येते: ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’, पुढे ‘अनेबल टू फाइंड व्हॅलिड सर्टिफिकेशन पाथ टू रिक्वेस्टेड टार्गेट’. ही ओळ सावकाश वाचावी. सही खोटी आहे असे ती म्हणत नाही. समोरच्या प्रमाणपत्रापासून माझ्या यादीतल्या एखाद्या मूळ (रूट) प्रमाणपत्रापर्यंत वाट सापडली नाही, एवढेच ती सांगते.

जावाची ही यादी म्हणजे ‘सीएसर्ट्स’ नावाची फाइल. विंडोजची यादी वेगळी, फायरफॉक्सची वेगळी, जावाची वेगळी. ‘ब्राउझरमध्ये तर उघडतंय!’ ही तक्रार त्यामुळे खरी असते, पण तिने काहीच सिद्ध होत नाही. या याद्यांतला फरक भारतात किती महत्त्वाचा ठरला, ते २०१४ च्या कागदपत्रांत दिसते.

२ जुलै २०१४ रोजी गूगलला आपल्या काही डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रे आढळली. ती दिली होती एनआयसीने, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने. एनआयसीच्या मधल्या प्रमाणपत्रांना आधार होता सीसीएचा, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली नेमलेल्या प्रमाणन प्राधिकारी नियंत्रकाचा. ३ जुलैला सीसीएने ती मधली प्रमाणपत्रे रद्द केली. ८ तारखेला गूगलने निवेदन काढले आणि ९ तारखेला त्याला पुरवणी जोडली. पुरवणीत सीसीएच्या चौकशीचा निष्कर्ष आहे: एनआयसीची प्रमाणपत्रे देण्याची प्रक्रियाच भेदली गेली होती, चुकीची प्रमाणपत्रे चार, त्यांतले पहिले २५ जूनचे, तीन गूगलच्या डोमेनांसाठी, एक याहूच्या. लगेच खाली गूगल नोंदवते की या चारांत न बसणारी प्रमाणपत्रेही आपल्याला माहीत आहेत, सबब या प्रकाराची व्याप्ती अज्ञातच मानावी लागेल. दोन साक्षींत मी दुसरी ग्राह्य धरतो, कारण चाराबाहेरचे एक जरी प्रमाणपत्र सापडले तरी पहिली मोजणी अपुरी ठरते. गूगलनेही तसेच वागायचे ठरवले. क्रोमने सीसीएचे मूळ सातच डोमेनांपुरते मर्यादित केले: जीओव्ही.इन, एनआयसी.इन, एसी.इन, रिझर्व्ह बँक, बँक ऑफ इंडिया, एनकोड आणि टीसीएस. १० जुलैला मायक्रोसॉफ्टने आपले सूचनापत्र, क्रमांक २९८२७९२, काढले.

आपल्या विषयाला लागणारे वाक्य ८ जुलैच्या निवेदनात आहे. सीसीएची मुळे मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहेत, फायरफॉक्सला धोका नाही कारण त्याची यादी स्वतंत्र आहे, आणि अन्य कोणत्याही यादीत ही मुळे असल्याचे आपल्याला माहीत नाही, असे गूगल म्हणते. जावाचे नाव तिथे नाही, पण जावाची यादीही स्वतंत्रच. तेव्हा ज्या साखळीवर विंडोजने डोळे झाकून विश्वास ठेवला, तीच स्वतःच्या सीएसर्ट्सवर चालणाऱ्या जावाच्या प्रोग्रॅमने नाकारली असती. ज्या हट्टीपणाला आपण रोज शिव्या घालतो, त्यानेच त्या जूनमध्ये संरक्षण दिले असते.

ईमुद्राचे मूळ सीसीएच्या साखळीबाहेरचे, स्वतंत्र. मोझिलाच्या, म्हणजे फायरफॉक्सच्या, यादीत ते २०१९ मध्ये आले. जावात यायला जानेवारी २०२४ उजाडला, २१.०.२ या आवृत्तीच्या टिपणात ईमुद्राची तीन मुळे नोंदलेली आहेत. मधल्या काळात नुसत्या त्या मुळावर उभी असलेली साखळी फायरफॉक्सला चालत होती आणि जावाला परकी होती. ओपनजेडीकेची, म्हणजे जावाच्या मुक्तस्रोत रूपाची, गोष्ट तर आणखी बोलकी: १० व्या आवृत्तीपर्यंत, म्हणजे मार्च २०१८ पर्यंत, मूळ प्रकल्पाची सीएसर्ट्स फाइल रिकामीच असे. ओरॅकलच्या जेडीकेवर चालणारा रिपोर्ट तशा बांधणीवर पडला, तर दोष रिपोर्टात नव्हता.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात एका प्रश्नाने व्हावी: हा रिपोर्ट सर्व्हर नेमकी कोणती जावा वापरतो? अनेक सॉफ्टवेअर आपल्यासोबत स्वतःची जावा घेऊन येतात. आपण प्रमाणपत्र घालतो मशीनवरच्या दुसऱ्याच जावात, आणि चूक जागच्या जागी राहते. जावाच्या कीटूल या साधनातल्या प्रिंटसर्टने समोरच्या सर्व्हरचे प्रमाणपत्र पाहावे आणि त्याचा फिंगरप्रिंट ज्याने ते बनवले त्याच्याशी फोनवर जुळवून घ्यावा. मगच इम्पोर्टसर्टने ते यादीत घालावे आणि रिपोर्ट सर्व्हर पुन्हा सुरू करावा. जावाच्या जुन्या आवृत्त्यांत यादीचा मूळचा पासवर्ड ‘चेंजइट’ असे. जावाची नवी आवृत्ती आली की सीएसर्ट्सही नवी येते आणि आपण घातलेले प्रमाणपत्र जाते. त्यापेक्षा वेगळी ट्रस्टस्टोअर फाइल ठेवून सर्व्हरला तिचा पत्ता द्यावा.

‘सगळ्यांवर विश्वास ठेव’ असे चार ओळींचे कोड सहकारी सुचवतील. २०१२ मध्ये टेक्सास आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ब्राउझरबाहेरची सॉफ्टवेअर तपासली, तेव्हा प्रमाणपत्राची तपासणी मोडून पडलेली उदाहरणे त्यांना मोठमोठ्या कंपन्यांच्या कोडमध्ये सापडली. तुमच्या रिपोर्टात पगार आणि ग्राहकांची नावे असतात. ते चार ओळींचे कोड कुणी आधीच घातले असेल, तर आज काढा.