दोन अक्कलदाढा आणि वाया गेलेली ४४ वर्षं

अक्कलदाढ काढायची म्हटलं की आपला पहिला प्रश्न काय असतो? दुखेल का! दोनशे वर्षांपूर्वी हा प्रश्न विचारण्यातच अर्थ नव्हता. दुखणारच. आजची गोष्ट हे ज्यांच्यामुळे बदललं, त्या दोन अक्कलदाढांची.

पहिली इंग्लंडमधल्या ब्रिस्टलची. साल १७९९च्या आसपास. हम्फ्री डेव्ही हा विशीतला पोरगा वेगवेगळे गॅस हुंगवून आजार बरे होतात का, हे शोधणाऱ्या एका संस्थेत कामाला होता. नायट्रस ऑक्साइड, म्हणजे आपला लाफिंग गॅस, तो स्वतःच ओढून बघायचा. त्यातच त्याला अक्कलदाढ यायला लागली. हिरडी सुजली, झोप उडाली. त्याने गॅस ओढला आणि ठणका थोडा वेळ चक्क कमी झाला! १८०० साली त्याने जाडजूड पुस्तकात लिहून ठेवलं की हा गॅस शस्त्रक्रियेत वेदना घालवायला वापरता येईल.

पुढे? काही नाही. डॉक्युमेंटेशन कोण वाचतं, हा रोग आमच्या आयटीतलाच नाही तर! गॅस राहिला करमणुकीपुरता. इकडे लोक मात्र पूर्ण शुद्धीत पाय कापून घेत होते.

४४ वर्षांनी, १० डिसेंबर १८४४ ला, अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावात गार्डनर कोल्टनचा लाफिंग गॅसचा खेळ होता. गॅस ओढलेल्या एकाचा पाय चांगलाच खरचटला, पण त्याला पत्ताच नाही. प्रेक्षकांत बसलेल्या होरेस वेल्स या २९ वर्षांच्या डेंटिस्टने ते हेरलं. दुसऱ्याच दिवशी त्याने कोल्टनकडून गॅस घेतला, तोंड उघडलं आणि जॉन रिग्ज या डेंटिस्टकडून स्वतःची अक्कलदाढ उपटून घेतली. दुखलं नाही!

१८४५च्या सुरुवातीला वेल्स बोस्टनला डेमो द्यायला गेला. गॅसची पिशवी लवकर काढली गेली, पेशंट ओरडला आणि जमलेल्या मंडळींनी वेल्सला भोंदू ठरवलं. पेशंटने नंतर सांगितलं की नेहमीसारखं दुखलं नव्हतं. पण एकदा डेमो फसला की नंतरचं कोण ऐकतो!

ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टनमध्येच वेल्सचा जुना पार्टनर विल्यम मॉर्टनने ईथर वापरून यशस्वी डेमो दिला. नाव त्याचं झालं. पठ्ठ्याने पेटंटसुद्धा घेतलं. वेल्स मात्र खचत गेला. क्लोरोफॉर्म स्वतःवर वापरता वापरता त्याची सवय लागली, डोकं ताळ्यावर राहिलं नाही. जानेवारी १८४८ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंगात त्याने आयुष्य संपवलं. वय ३३.

गंमत म्हणजे लाफिंग गॅस दातांच्या दवाखान्यात परत आणला तो त्याच खेळवाल्या कोल्टनने, १८६३ पासून. आणि १८६४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने भूल देण्याच्या शोधाचं श्रेय वेल्सच्या नावावर लावलं.